‘गद्दार कोण?’ हा प्रश्नच चुकतो

गेल्या जूनमध्ये आमच्या बेळगाव भागातल्या एका मराठी शाळेत पालकसभा होती. पहिलीला यंदा किती मुलं आली तो आकडा मुख्याध्यापकांनी खाली मान घालून वाचला, आणि सगळे गप्प झाले. मग बोलायला उठले ते, हा कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या सीमालढ्यात लाठ्या खाल्लेले एक जुने कार्यकर्ते. माणूस सच्चा. पण आवाज चढत गेला आणि शेवटी ते म्हणाले, “ज्यांनी आपली पोरं इंग्रजीत घातली, कन्नडात घातली, ते घरभेदी. परक्यांनी नाही मारलं आपल्याला, आपल्याच गद्दारांनी मारलं.” टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावरून एक जण उभा राहिला. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा. “काका, तुमचं बरोबर असंल,” तो म्हणाला. “पण आमच्या कारखान्यात साहेबाशी इंग्रजी लागतं, ऑफिसात कागदाला कन्नड लागतं. मराठीनं मी लेथवर ऱ्हायलो. माझ्या पोरानंबी लेथवरच ऱ्हावं काय?” एवढं बोलून तो बसला. टाळी एकही पडली नाही. चहा आला आणि सभा आटोपली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण काकांसारखी मीही टाळी वाजवली होती. आणि मी गेली बावीस वर्षं समाजशास्त्र शिकवतो! निदान मला तरी कळायला हवं होतं की काकांनी दोषी माणूस शोधला, आणि त्या लेथवाल्यानं आपण कुठल्या सापळ्यात उभे आहोत ते सांगितलं. माझा विषय त्या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

विषयाची ओळख करून द्यायची तर आमच्या वर्गातूनच करतो. पुस्तक इंग्रजी, काही मुलांचा पेपर कन्नडमध्ये, आणि समजावणं मराठीत, असा आमचा कारभार. नवी मुलं येतात ती ‘पास व्हायला बरा’ असं ऐकून. दोघं-तिघं तरी विचारतातच, “सर, समाजशास्त्र म्हणजे समाजसेवा ना?” मी उत्तर देत नाही. उलट विचारतो, “तुमचं लग्न कुणाशी होणार नाही, हे आत्ता सांगता येईल का?” आधी हशा पिकतो. मग हळूहळू वर्ग शांत होतो, कारण प्रत्येकाला उत्तर येतं. जात येते, पोटजात येते, भावकी येते. मामाच्या मुलीपर्यंत मराठी मुलं कबूल होतात. पण सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न म्हटलं की नाकं मुरडतात. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरची कन्नड मुलगी म्हणते, “त्यात काय? आमच्या अज्जीचं लग्न तिच्या मामाशीच झालंय.” एकाच वर्गात, हातभर अंतरावर, एकाला शिसारी आणि दुसरीला घरचा आल्बम. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जे मोठं पुस्तक लिहिलं, त्यात महाराष्ट्र हा उत्तरेची आणि दक्षिणेची रीत जिथे एकमेकींत मिसळतात असा पट्टा ठरवला आहे. आमचा वर्ग त्या पट्ट्याच्या ऐन काठावर बसतो.

हा नियम कुणी लिहून दिला होता? कुणीच नाही. तरी तो मोडायला गेलं की कळतं, तो किती टणक आहे. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकानं १८९५ साली अशा गोष्टींना ‘सामाजिक तथ्य’ म्हटलं. आपल्या जन्माआधीपासून असणाऱ्या, आपल्या बाहेर असणाऱ्या आणि आपल्यावर जोर चालवणाऱ्या गोष्टी. भाषा तशी, जात तशी, पैशाची नोट तशी. आपण त्या घडवत नाही, त्यांच्यात जन्मतो.

हे शास्त्र उगवलं कधी, ते पाहण्यासारखं आहे. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली, १७९३ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं, चर्चचं वजन गेलं, कारागिरांचे जुने संघ कायद्यानं मोडले, आणि मागोमाग कारखाने आले. पिढ्यान्‌पिढ्या ‘देवानं असंच नेमलंय’ म्हणून जे चाललं होतं ते डोळ्यांदेखत कोसळलं, आणि तरी समाज शिल्लक राहिला. बाजार भरत होता, लग्नं लागत होती. मग माणसांना एकत्र धरून ठेवतं ते काय? शांत काळात हा प्रश्न कुणाला पडत नाही. घराचा वासा मोडल्यावरच घर कशावर उभं होतं ते माणूस वर मान करून बघतो.

ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) यानं या शोधाला आधी ‘सामाजिक भौतिकी’ म्हटलं होतं. पण बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनीही तेच नाव वापरलं, तेव्हा काँतनं १८३८ च्या सुमारास नवा शब्द बनवला, ‘सोशिऑलॉजी’. त्यातलं अर्धं लॅटिन आणि अर्धं ग्रीक. शुद्ध भाषेचा अभिमान असणाऱ्यांनी या धेडगुजरी शब्दावर पुष्कळ टीका केली. मला तो शब्द याच कारणासाठी आवडतो. बेळगावच्या खडेबाजारात जन्मला असता असा तो शब्द आहे. काँत स्वतः मात्र पुढे भरकटला. मानवतेचा नवा धर्म काढून त्याचा मुख्य पुरोहित होऊन बसला. मानवी बुद्धी धर्माकडून तत्त्वज्ञानाकडे आणि तिथून विज्ञानाकडे ठराविक तीन पायऱ्यांनी चढते, हा त्याचा सिद्धान्त आज कुणी तसाच्या तसा घेत नाही. त्याचा प्रश्न मात्र टिकला. त्याचे जाडजूड ग्रंथ १८५३ मध्ये आटोपशीर करून इंग्रजीत आणले ते हॅरिएट मार्टिनो या बाईंनी. त्यांना ऐकू कमी येत असे, कानाला कर्णा लावून त्या देशोदेशी हिंडल्या. परक्या समाजाकडे कसं पाहावं यावर १८३८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि त्यात सल्ला दिला की माणसं काय बोलतात त्याआधी त्यांच्या वस्तू, संस्था, नोंदी पाहा. थडग्यांवरचे लेखसुद्धा वाचा. आमच्याकडे मी मुलांना लग्नपत्रिका गोळा करायला सांगतो. कुलदैवताचं नाव कोणत्या लिपीत, वधूचं शिक्षण कोणत्या, आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ कोणत्या, एवढं पाहिलं तरी अर्धा सीमाप्रश्न हाती लागतो.

फ्रान्समधला तो कोसळण्याचा अनुभव आम्हाला पुस्तकातून घ्यावा लागत नाही. माझी आजी शहापूरची. ती जन्मली तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं, आणि लागूनच असलेलं बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, ती मुंबई राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली. १९७३ मध्ये त्याचं कर्नाटक झालं, आणि तिच्या माघारी २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी. जन्मभर तिनं गल्ली बदलली नाही. तिला विचारलं असतं, तू कोण, तर ती म्हणाली असती, “मी खालच्या गल्लीतली.” राज्य नावाची गोष्ट माणसाच्या अंगाला कशी चिकटवली जाते, कागद, शाळा, फलक, पोलीस यांच्या हातून ती ‘नैसर्गिक’ कशी वाटायला लागते, हे समजायला तिच्यासारखा दुसरा धडा नाही. आणि आम्ही काय केलं? साठ-सत्तर वर्षं हा धडा सोडून भाषणं केली.

हे सगळं परदेशी आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. महात्मा फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचं, दुर्खीमच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या दहा वर्षं आधीचं. विद्येविना मती गेली, मतीविना नीती, नीतीविना गती, गतीविना वित्त, आणि वित्ताविना शूद्र खचले: आपण ही ओवी भिंतीवर रंगवतो, पण ती कशी बांधली आहे ते पाहत नाही. शेतकरी गरीब आहे कारण तो आळशी आहे, उधळ्या आहे, असं म्हणणाऱ्यांना फुल्यांनी कारणांची साखळी दाखवली. डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, त्यांचं वय तेव्हा पंचवीस. जात टिकते ती जातीअंतर्गत लग्नामुळे, बाकीच्या चालीरीती त्या कुंपणाच्या राखणीसाठी, असं त्यांनी मांडलं. माझ्या वर्गातला तो लग्नाचा प्रश्न मूळचा त्यांचाच. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये निघाला आणि पुढे तो वाढवला तो मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी. त्यांचे नामांकित विद्यार्थी म्हणजे म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास. गुरू घाटाखालच्या मराठी मुलखातला, शिष्य कन्नड मुलखातला. दोघांचं पटलं नाही ते वेगळ्या कारणांनी, पण भाषेवरून विद्या अडल्याचं ऐकिवात नाही.

आता शाळेच्या पटाकडे, म्हणजे मुलांच्या त्या आकड्याकडे परत येऊ.

अमेरिकेचे सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये एक साधा भेद सांगितला. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाकडे पाहा, त्याच्या सवयींकडे, कौशल्याकडे. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात उत्तर शोधणं हा मूर्खपणा. पहिली वैयक्तिक अडचण, दुसरा सार्वजनिक प्रश्न. गावातल्या एका घरानं पोरगं मराठी शाळेतून काढलं तर त्या घराशी बोला. पण खानापुरात, निपाणीकडे, येळ्ळूर-उचगावच्या बाजूला, गल्लीमागून गल्ली एकाच दिशेला वळत असेल, तर इतके बाप एकाच वेळी नादान झाले असं मानायचं का? काका तसं मानतात. मानलं की एक सोय होते. शिवी दिली की काम संपतं.

मुलगा दहावीपर्यंत, म्हणजे एसएसएलसीपर्यंत, मराठीत शिकू शकतो. त्यानंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, विज्ञान किंवा वाणिज्य घ्यायचं तर बहुतेक इंग्रजी. सरकारी नोकरीच्या परीक्षेला कन्नडचा पेपर. शेताचा उतारा कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. घाट उतरून किंवा शिनोळीच्या पुढे महाराष्ट्रात जायचं म्हटलं तर तिथला रहिवास, दाखले, ओळखी. म्हणजे मराठीचं नाणं घरात, देवळात, गणपतीत आणि लग्नात खणखणीत चालतं, आणि कचेरीच्या दारात खोटं पडतं. पिएर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं भाषेला बाजार असतो असं म्हटलं होतं: तेच बोलणं एका बाजारात सोन्याच्या भावानं जातं आणि दुसऱ्यात कवडीमोल. हा भाव तो लेथवाला ठरवत नाही. तो भाव वाचतो आणि पोराची पिशवी त्याप्रमाणे भरतो. त्याला गद्दार म्हणणं म्हणजे कांद्याचा भाव पडला म्हणून शेतकऱ्यावर खटला भरणं.

हे लिहिलं की आमच्या चळवळीतले मित्र चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. ते म्हणतात, “सर, तुमची ‘रचना’ म्हणजे पाऊस आहे का आभाळातून पडणारा? ती कुणीतरी केली ना?” केलीच. भाषावार पुनर्रचना करताना राज्यघटनेत १९५६ मध्येच ३५० अ हे कलम घातलं गेलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. जिथे अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हेही ठरलं. आमच्या भागात मराठी कागदासाठी अजून मोर्चे काढावे लागतात, यावरून त्याचं पुढे काय झालं ते दिसतं. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावं असं सांगितलं, महाराष्ट्राने ते नाकारलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, ८६५ गावांचा. हे सगळं माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून झालं आहे आणि त्याची जबाबदारी आहे. समाजशास्त्र कुणाला माफ करत नाही. ते फक्त बोट कुठे दाखवायचं ते बदलतं, लेथवाल्याकडून नियमाकडे आणि नियम करणाऱ्याकडे. माक्स वेबर यांनी आधुनिक सत्तेचं मर्म सांगितलं ते हेच: ती तलवारीपेक्षा फायलीतून चालते. खिडकीतला कारकून कधी खडूस असतो, कधी घरी मराठी बोलणारा असतो, कधी हळूच अर्ज भरूनही देतो. फॉर्म मात्र तोच राहतो. आम्ही कारकुनाशी भांडून येतो.

आणि आरसा स्वतःकडे फिरवला नाही तर हे शास्त्र अर्धंच शिकलो. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना इशारा दिला होता की भाषिक राज्यात त्या-त्या ठिकाणची संख्येनं मोठी जात सगळ्यांच्या डोक्यावर बसेल. श्रीनिवासांनी पुढे ‘प्रबळ जात’ हा शब्द दिला: संख्या, जमीन आणि राजकीय वजन हाती असलेली जात. आता आमच्या जिल्ह्यातली व्यासपीठं आठवा. मराठीच्या बाजूला कोण बसतं? बहुतेक मराठा. कन्नडच्या बाजूला? बहुतेक लिंगायत. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेली, विड्या वळणारी बाई कुठल्या व्यासपीठावर दिसली? सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला ‘उदो गं आई उदो’ म्हणत जाणाऱ्या बैलगाड्यांत दोन्ही भाषांची माणसं असतात, आणि त्या डोंगरावर ज्यांच्या मुली देवाला सोडल्या गेल्या ती घरंही दोन्ही भाषांतली होती. तो प्रश्न दोन्हीकडच्या भाषाभिमान्यांनी किती वेळा अजेंड्यावर घेतला? माझं हे म्हणणं आमच्या लोकांना झोंबतं. झोंबू दे.

२०१८ आणि २०२३, कर्नाटकच्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत, सीमालढा चालवणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला एकही जागा मिळाली नाही. तेव्हाही चहाच्या टपरीवर एकच शब्द: गद्दार. पण मतदार बदलला होता. १९५६ चा तो १ नोव्हेंबर, आमचा काळा दिवस, ज्यांनी पाहिला ती पिढी गेली. नातवाला रस्ता, पीकविमा, बेंगळुरूतली नोकरी दिसते. राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार उभे केले, म्हणजे मत देताना भाषा सोडावी लागतच नव्हती. हे समजून घेतलं असतं तर समितीला निदान पुढे काय करायचं ते सुचलं असतं. शिवी दिल्यामुळे ते सुचलं नाही.

भाषा भिंतीसारख्या समोरासमोर उभ्या असतात, हाही आपला एक गैरसमज आहे. गम्पर्झ आणि विल्सन या दोघा भाषाभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या, ‘कुपवाड’ या नावानं नोंदलेल्या गावाचा अभ्यास छापला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. शब्द प्रत्येकीनं आपापले ठेवले, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली. घरातली ओळख टिकवायची म्हणून भाषा वेगळी ठेवली, आणि शेतावर, बाजारात काम चालावं म्हणून व्याकरण एक केलं. कुणी ठराव केला नाही. आमची ‘काय करूलास?’ ही बोली पुण्यात हसण्यावारी नेतात, आणि आम्ही पुण्यात गेलो की घाईघाईनं ‘काय करतोयस?’ म्हणतो. म्हणजे बाजारभाव मराठीच्या आतही आहे. कर्नाटकात आमची मराठी कमी, महाराष्ट्रात आमची मराठी अशुद्ध. या दुसऱ्या अपमानाविरुद्ध आम्ही एकदाही मोर्चा काढला नाही.

त्या लेथवाल्याला मी नंतर शोधून काढलं. त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, मुलगी मात्र मराठीत आहे. का, म्हणून विचारलं. “मुलीची शाळा जवळ हाय,” तो म्हणाला, “आणि फी नाही.” म्हणजे मराठी शाळा टिकली आहे ती पुष्कळदा अभिमानामुळे नव्हे, तर मुलीवर कमी खर्च करायचा म्हणून. वर्गात गेलो की दिसतंच, मुलींचे बाक भरलेले. बावीस वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि मी कधी कारण विचारलं नव्हतं.

येत्या सभेत मी भाषण करणार नाही. शाळेच्या आसपासच्या चार गल्ल्यांत घरोघरी वही घेऊन जायचं ठरवलं आहे, दहावीच्या माजी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन. गेल्या पाच वर्षांत इथून दहावी झालेली मुलं आज कुठे आहेत? मराठी शाळेत कन्नड शिकवणारे शिक्षक आहेत का, आणि पोरांना ते खरंच बोलता येतं का? सकाळची पहिली बस किती वाजता येते? मुलगा कुठे, मुलगी कुठे, आणि का? काकांनाही बोलावलं आहे. त्यांनी आधी विचारलं, “यानं काय होणार?” मग म्हणाले, “वही मी आणतो, माझं अक्षर चांगलं आहे.” निमंत्रणाचा मजकूर छापायला दिला आहे. ‘प्रमुख पाहुणे’ ही ओळ त्यात घातलेली नाही.